राखणदारीचा धंदा : सनडिस्क कंपनीच्या वाढीचा इतिहास



गंगापूर रोडने शहराबाहेर पडून धरणाच्या वाटेला लागले, की गोवर्धन नावाचे गाव लागते. आज त्या रस्त्याने जाणाऱ्याला शिक्षणसंस्था, मळे आणि नव्या वसाहती दिसतात. पण सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी गोवर्धन हे एका मोठ्या प्रदेशाचे ठाणे होते. त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, त्याचे नाव पुनःपुन्हा कोरलेले आहे. त्या लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. आजच्या विषयाला त्याच्यापासूनच आरंभ करणे सोयीचे आहे.

उषवदाताने भिक्षुसंघाला लेणे दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची कायम ठेव दिली. ही ठेव त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे, ती ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, अशी योजना होती. हिशेब करून पाहा : दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळून तेवढेच! हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला व रिवाजाप्रमाणे फलकवारात नोंदला, असे लेखात स्पष्ट सांगितले आहे. फलकवार म्हणजे नोंदींचे दप्तर, असा अर्थ अभ्यासक करतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ठेव ठेवणाऱ्याने एका जागेवर विसंबून राहायचे नाही, असे ठरवलेले दिसते. लेख दगडात कोरला, नोंद दप्तरात केली, आणि सभेला साक्षी ठेवले. म्हणजे साठवण ही नुसती वस्तू नव्हे, ती एक राखणदारी आहे. कोणावर तरी विश्वास टाकल्यावाचून साठवण होत नाही, आणि तो विश्वास सांभाळणारी माणसे नसतील तर ती टिकत नाही. आज आपल्याला ज्या उद्योगाचा इतिहास पाहावयाचा आहे, त्याचा माल म्हणजे हीच राखणदारी होय. आपल्या खिशातील मेमरी कार्डात, पेन ड्राइव्हमध्ये आणि संगणकातील एसएसडीत जी साठवण आहे, ती बाजारात रूढ करणारी एक छोटी कंपनी १९८८ साली कॅलिफोर्नियात निघाली. तिचे मूळ नाव सनडिस्क. तिची वाढ कशी झाली, कोणाच्या बळावर झाली आणि तिच्यापासून आपण काय घ्यायचे, हे पाहू.

प्रथम तिच्या आधीची स्थिती पाहिली पाहिजे. संगणकाने केलेली नोंद वीज गेल्यावरही शिल्लक राहावी, यासाठी विसाव्या शतकाच्या मध्याला मुख्य साधन होते ते चुंबकीय फितीचे आणि चुंबकीय चकत्यांचे. १९५६ साली आयबीएम कंपनीने चकत्यांचे पहिले यंत्र विक्रीस काढले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, आणि त्या सगळ्यांत मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. कपाटाएवढ्या त्या यंत्राचे वजन टनाच्या हिशेबात होते. पुढच्या तीस वर्षांत चकत्या लहान झाल्या, स्वस्त झाल्या. पण त्या फिरायच्या राहिल्या नाहीत. फिरणारी चकती आणि तिच्यावर तरंगणारी सुई असा तो संसार. धक्का बसला की बिघडायचा, वीज खायचा, हातात धरून चालता यायचे नाही. ज्यात काहीही हलत नाही, केवळ घन पदार्थाच्या पोटात नोंद राहते, अशा साठवणीला सॉलिड स्टेट म्हणतात. तशी साठवण स्वस्तात कशी करावी, हा प्रश्न होता.

त्याचे बीज १९६७ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झी या दोघांनी पेरले. कल्पना अशी. सिलिकॉनच्या तुकड्यावर वाहक पदार्थाचा एक अतिसूक्ष्म थर ठेवायचा आणि चारी बाजूंनी त्याला विद्युतरोधक भिंत घालायची. भिंतीपलीकडून जोर लावून त्या थरात विद्युत्भार ढकलला, की तो आत अडकतो. भार आहे म्हणजे एक अर्थ, भार नाही म्हणजे दुसरा अर्थ. नाशिककरांना हे समजावून सांगण्याला गंगापूरच्या धरणासारखे दुसरे उदाहरण नाही. १९६५ साली पूर्ण झालेले ते मातीचे धरण पावसाळ्यात आलेले पाणी अडवून ठेवते. पाऊस थांबला तरी पाणी राहते. तशीच ही एक अतिसूक्ष्म टाकी समजा. वीज गेली तरी भार आत राहतो. आणि धरणाप्रमाणेच येथेही सारा भरवसा भिंतीवर आहे. प्रत्येक वेळी भार आत ढकलताना आणि बाहेर ओढताना ती भिंत थोडी थोडी झिजते. काही हजार वेळा असे केले की गळती सुरू होते. ही झीज विसरू नका. पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ तिच्यात आहे.

१९७१ साली इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी या तत्त्वावरची चिप बनवली. तिच्यावरचा मजकूर पुसायचा तर ती यंत्रातून काढून जंबुपार किरणांखाली धरावी लागे. मग जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी विजेनेच एकदम मोठा भाग पुसून टाकणारी स्मृती काढली आणि १९८४ साली ती विद्वानांपुढे मांडली. तिचे पुसणे छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखे वाटले, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने तिला फ्लॅश हे नाव सुचवले. १९८७ साली मासुओकांनी तिचा नँड हा दुसरा प्रकार मांडला. पहिल्या प्रकारात प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार असते. दुसऱ्यात आगगाडीच्या डब्यांप्रमाणे खोल्या एकामागून एक जोडलेल्या असतात आणि शिरायचे ते टोकाकडून. शिरायला वेळ लागतो, पण दारांची जागा वाचते आणि तेवढ्याच सिलिकॉनवर कितीतरी अधिक मजकूर मावतो. आजची बहुतेक सारी साठवण या दुसऱ्या प्रकारची आहे.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातही लिहिण्याचे हे दोन प्रकार शेजारी शेजारी सापडतात. लेण्यांतील लेख म्हणजे एकदाच लिहिण्याची साठवण. पण १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या सुमारे तेरा हजार नाण्यांचा साठा मिळाला, आणि त्यातील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला निघाला. धातू तोच, मजकूर नवा! दगड पुन्हा लिहिता येत नाही, म्हणून तो विश्वासू. नाणे पुन्हा लिहिता येते, म्हणून ते उपयोगी. पुन्हा लिहिता यावे आणि तरीही विश्वास ठेवता यावा, हे कोडे सोडवायचे काम सनडिस्ककडे आले.

कंपनी काढणारे तिघे होते : एली हरारी, संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन. हरारी हे इस्रायलमध्ये जन्मलेले, प्रिन्स्टन विद्यापीठात पीएच.डी. झालेले शास्त्रज्ञ. ह्यूज एअरक्राफ्ट या कंपनीत असताना पातळ विद्युतरोधक थरांवर त्यांनी मूलगामी काम केले होते. १९८३ साली त्यांनी एक कंपनी काढली होती, पण पुढे तिच्यातून त्यांना बाहेर पडावे लागले. म्हणजे सनडिस्क हा त्यांचा पहिला डाव नव्हे. मेहरोत्रा कानपूरचे. अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा त्यांचा व्हिसा तीनदा नाकारला गेला. अखेर त्यांच्या वडिलांनी अधिकाऱ्याला पटवले, आणि तिशीच्या आत हा मुलगा बर्कलेहून पदवी घेऊन स्मृती-चिपांच्या कामात मुरला. हरारींची आणि त्यांची ओळख इंटेलमध्ये झाली. युआन हेही याच विद्येतले.

आता या तिघांचे वेगळेपण कशात? फ्लॅशचा शोध त्यांनी लावलेला नव्हता, तो मासुओकांचा. कारखाना त्यांच्याजवळ नव्हता. तोशिबा किंवा इंटेल यांच्यापुढे त्यांची ऐपत नगण्य होती. त्यांच्याजवळ होती ती एक दृष्टी. स्मृतीच्या चिपा बनवणारे लोक निर्दोष चिपेच्या मागे लागले होते. एकही खोली खराब निघता कामा नये, हा त्यांचा धर्म. सनडिस्कने म्हटले, खोल्या खराब निघणारच आणि वापराने झिजणारच. माल सदोष आहे हे प्रथमच मान्य करा, आणि त्याच्यावर असा राखणदार बसवा, की गिऱ्हाइकाला तो दोष कधी जाणवू नये. हा राखणदार म्हणजे नियंत्रक, चिपेजवळ बसवलेला एक छोटा हिशेबनीस.

हा हिशेबनीस काय करतो? आपल्या बागलाण-कळवणकडील आणि धुळे जिल्ह्यातील फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते लगेच कळेल. मोसम, गिरणा, पांझरा या नद्यांवर बंधारे घालून गावकऱ्यांनी शतकानुशतके पाणी वाटून घेतले. जमिनीचे फड पाडायचे, पिके फडाफडांतून फिरवायची, एकाच जमिनीवर सारा भार टाकायचा नाही. पाटकऱ्याने पाणी द्यायचे आणि जागल्याने राखण करायची. फ्लॅशमधला नियंत्रक हा असाच पाटकरी आणि जागल्या आहे. एकाच खोलीत पुनःपुन्हा लिहिले तर ती लवकर झिजेल, म्हणून तो लिखाण सगळ्या खोल्यांतून पाळीपाळीने फिरवतो. एखादा फड नापीक झाला, तर तो बाजूला काढून राखीव ठेवलेला दुसरा वापरात आणतो. आणि चुका तो कशा पकडतो? पेढीवरचा मुनीम पकडतो तशाच. खतावणीत आकड्यांच्या आडव्या ओळींची बेरीज कडेला आणि उभ्या रकान्यांची बेरीज तळाला लिहून ठेवली, की मधला एखादा आकडा चुकला तर एका ओळीची आणि एका रकान्याची बेरीज जमत नाही. ती दोन्ही जिथे छेदतात तिथे चूक सापडते, आणि ती दुरुस्तही करता येते. नियंत्रकाचे गणित याहून बरेच गहन असते, पण तत्त्व हेच.

आणखी एक धाडस त्यांनी केले. एका टाकीत भार आहे की नाही, एवढेच पाहण्याऐवजी टाकी किती भरली आहे, हे मोजावे : रिकामी, एकतृतीयांश, दोनतृतीयांश, पूर्ण. असे चार स्तर ओळखता आले, की त्याच टाकीत दुप्पट मजकूर मावतो. मोजमाप अर्थातच नाजूक होते आणि चुका वाढतात. पण चुकांचा बंदोबस्त करणारा हिशेबनीस जवळ असेल, तर हे धाडस परवडते. ज्याला आपला दोष ठाऊक आहे आणि त्याच्यावर ज्याने उपाय योजला आहे, तोच मोठी उडी घेऊ शकतो.

पण बाजार उडीकडे पाहत नाही, किमतीकडे पाहतो. १९९१ साली सनडिस्कने आपली पहिली घनस्थितीतील साठवण आयबीएमला विकली. तिची क्षमता वीस मेगाबाइट, म्हणजे सुमारे दोन कोटी रोमन अक्षरे, आणि किंमत सुमारे एक हजार डॉलर. दर मेगाबाइटला पन्नास डॉलर पडले. फिरत्या चकत्या तिच्या कितीतरी पट स्वस्त होत्या. कोणी शहाणा मनुष्य तेव्हा म्हणाला असता, की हा धंदा चालणार नाही; आणि हिशेबाने तो खोटा ठरला नसता. उलट सनडिस्कचा अंदाज असा होता, की चकती जेथे जाऊच शकत नाही तेथे आपण जावे. हातात धरायची यंत्रे, खिशातील यंत्रे, धक्के सोसणारी यंत्रे. आणि तेवढ्यात डिजिटल कॅमेरा आला! छायाचित्राची फीत धुण्याची गरज संपली. तिच्या जागी पुनःपुन्हा पुसता येणारे एक छोटे पान हवे झाले. ते पान सनडिस्कजवळ तयार होते. १९९४ साली तिने कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचे कार्ड काढले.

येथे व्यापाराच्या इतिहासातील एक मोठी शिकवण आहे. कार्डाचा आकार आणि त्याची जोडणी स्वतःपुरती दडवून ठेवण्याचा मोह कंपनीला होऊ शकला असता. पण जे पान एकाच घरच्या वहीत बसते, ते बाजारात टिकत नाही. कॉम्पॅक्टफ्लॅश इतरांनाही वापरता येईल असे प्रमाण म्हणून पुढे आले. १९९९ साली तोशिबा आणि मात्सुशिता या दोन जपानी कंपन्यांबरोबर सनडिस्कने एसडी कार्ड जाहीर केले. प्रतिस्पर्ध्यांना बरोबर घेऊन माप ठरवायचे आणि मग त्या मापात आपला माल सरस ठरवायचा, ही तिची रीत. गोवर्धनच्या निगमसभेत व्यवहार वाचून दाखवण्यामागचा विचार याहून फार वेगळा नव्हता. सर्वांना ठाऊक असलेले माप हे एकट्याच्या गुपितापेक्षा अधिक विश्वासाचे असते.

१९९५ साली कंपनीचे समभाग बाजारात आले आणि सन मायक्रोसिस्टिम्स या प्रसिद्ध कंपनीशी घोटाळा होऊ नये म्हणून तिने आपले नाव सॅनडिस्क केले. पुढचा प्रश्न कारखान्याचा होता. चिपांचा कारखाना उभारायला लागणारी रक्कम अशी होती, की मध्यम कंपनी तिच्या ओझ्याखाली बुडावी. सॅनडिस्कने तोशिबाशी भागीदारी केली. पैसा आणि उत्पादन दोघांचे. चिपा दोघांत वाटून घ्यायच्या. अमेरिकेत व्हर्जिनियातील मनासस येथे काम सुरू झाले, तोच २००१ साली साऱ्या चिप-व्यवसायावर मंदी कोसळली. मागणी आटली, भाव घसरले, कंपनीला मोठा तोटा आला. तोशिबाने मनाससचा कारखाना मायक्रॉन या कंपनीला विकला आणि फ्लॅशची यंत्रसामग्री जपानमधील योक्काइची येथे हलवली. अशा वेळी भागीदारी मोडणे सोपे होते. ती मोडली नाही. योक्काइचीत ती वाढली, आणि तिथून निघालेल्या चिपांनी संगीताची छोटी यंत्रे, मोबाइल आणि पेन ड्राइव्ह यांचा पुढचा सारा काळ पाहिला. २००६ साली सॅनडिस्कने एम-सिस्टिम्स ही इस्रायली कंपनी विकत घेतली. पेन ड्राइव्ह लोकांच्या हाती देण्यात तिचा मोठा वाटा होता.

२००८ साली सॅमसंगने सॅनडिस्क विकत घेण्यासाठी सुमारे ५८५ कोटी डॉलरची मागणी घातली. सॅमसंग स्वतः तिच्या पेटंटांबद्दल शुल्क भरत होती. कंपनीच हाती आली तर शुल्कही वाचणार होते. सॅनडिस्कच्या समभागांचा भाव तेव्हा पडलेला होता, तरी तिच्या संचालकांनी ही मागणी अपुरी म्हणून नाकारली, आणि सॅमसंगने ती मागे घेतली. हरारी २०१० अखेर निवृत्त झाले. मेहरोत्रांनी सूत्रे घेतली. २०१६ साली वेस्टर्न डिजिटल या कंपनीने सॅनडिस्क विकत घेतली. ही वेस्टर्न डिजिटल कोण? फिरत्या चकत्या बनवणारी! ज्या चकतीपुढे १९९१ साली सनडिस्क महाग म्हणून हिणवली जावी, त्याच चकतीच्या उत्पादकाला पंचवीस वर्षांनी तिची गरज भासली. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत तिला पुन्हा वेगळी स्वतंत्र कंपनी करण्यात आले. आणि मेहरोत्रा? ते २०१७ साली मायक्रॉनचे प्रमुख झाले, ज्या मायक्रॉनने मनाससचा तो कारखाना घेतला होता.

या वाढीचे मोजमाप दोन आकड्यांत सांगता येईल. १९९१ साली वीस मेगाबाइट, एक हजार डॉलरला. २०१९ साली याच नावाचे नखाएवढे कार्ड निघाले, त्याची क्षमता एक टेराबाइट, म्हणजे पन्नास हजार पट. किंमत सुमारे साडेचारशे डॉलर. अठ्ठावीस वर्षांचा हा हिशेब आहे. आपल्याकडे आज नवउद्योगांची चर्चा फार होते, आणि ती बहुधा दोन-चार वर्षांत हाती येणाऱ्या पैशाची असते. त्या चर्चेत ही अठ्ठावीस वर्षे डोळ्यांपुढे ठेवली पाहिजेत. सॅनडिस्कचे यश शोधाचे नाही, भांडवलाचेही नाही. दोष मान्य करून त्याची राखण करण्याच्या चिकाटीचे आहे.

परंतु इतिहास सांगताना जमेची बाजू तेवढी सांगणे न्यायाचे नाही. मासुओकांचे काय झाले? ज्यांच्या शोधावर हा सारा डोलारा उभा राहिला, त्यांची किंमत त्यांच्या स्वतःच्या कंपनीने वेळीच ओळखली नाही. १९९४ साली ते तोशिबा सोडून विद्यापीठात गेले. २००४ साली त्यांनी आपल्या हक्कासाठी दावा लावला. मागणी एक अब्ज येनची होती. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. हरारींना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते २०१४ साली राष्ट्रीय पदक मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण ज्या धंद्याचा मालच स्मरण हा आहे, त्या धंद्याने आपल्या मूळ पुरुषाला विसरावे, यापरती विसंगती कोणती? उषवदाताच्या लेखात किती दिले, कोणाला दिले, कोणाकडे ठेवले, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. श्रेय लिहून ठेवणे हाही राखणदारीचाच भाग आहे.

या विद्येशी आपल्या लोकांचा संबंध नाही, असे कोणी समजू नये. जमशेदपूरला जन्मलेले आणि खरगपूरच्या आयआयटीत व पुढे एमआयटीत शिकलेले सुहास पाटील यांनी १९८१ साली अमेरिकेत पाटील सिस्टिम्स ही कंपनी काढली. पुढे सिरस लॉजिक या नावाने ती प्रसिद्ध झाली, आणि तिचा आरंभीचा जम बसला तो चकतीच्या साठवणीचे नियमन करणाऱ्या चिपांवरच. म्हणजे हिशेबनीसाचे महत्त्व पाटलांनी सनडिस्कच्याही आधी ओळखले होते. आपल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पीयूष सोमाणी यांनी २००५ साली सुरू केलेल्या ईएसडीएस या कंपनीने इतरांचा मजकूर सांभाळणे हाच धंदा केला आणि नाशिकमध्येच डेटा सेंटर उभारले. आणि खुद्द गोवर्धनच्या परिसरात, १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. दूरदूरच्या गावांतील, नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांची आणि पदव्यांची नोंद ते ठेवते. एकोणीस शतकांपूर्वी जेथे फलकवार होता, तेथे आज पुन्हा एक मोठे दप्तर आहे. त्यातली नोंद हरवली तर कोणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत हरवेल. साठवणीचा प्रश्न हा असा माणसांचा प्रश्न आहे.

आणि तो आपल्या घरातही आला आहे. आजी-आजोबांची छायाचित्रे, मुलांची बोबडी बोलणी, सातबाऱ्याच्या प्रती, दवाखान्याचे कागद, हे सारे आज आपण त्या सूक्ष्म टाक्यांत ठेवतो आणि निश्चिंत होतो. ही निश्चिंती खरी आहे का? या व्यवसायाची मापे ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने घरगुती वापराच्या एसएसडीसाठी घातलेली अट पाहा. ठरलेले सगळे लिखाण होऊन जी पुरी झिजली आहे, ती विजेशिवाय तीस अंश उष्णतेत ठेवली, तर तिच्यातील मजकूर एक वर्ष टिकला पाहिजे. एक वर्ष! नवी असेल तर ती पुष्कळ अधिक टिकते, यात शंका नाही. पण उष्णता वाढली की गळतीही वाढते, आणि आपल्या उन्हाळ्यातील बंद कपाट तीस अंशांवर थांबत नाही. पांडवलेण्यातील दगडाशी या टाक्यांची तुलना होऊ शकत नाही. बनवणाऱ्यांनीही ती कधी केली नाही. त्यांनी प्रथमपासून सांगितले, की हा माल झिजणारा आहे आणि त्याला राखणदार हवा. चिपेच्या आतला राखणदार त्यांनी दिला. बाहेरचा राखणदार आपण व्हायचे आहे.

तो कसा व्हायचा, हे गोवर्धनच्या लोकांनी सांगून ठेवले आहे. एकच मजकूर तीन ठिकाणी असावा : एक घरात, एक घराबाहेर, आणि एक अशा संस्थेत की जिच्यावर चार लोकांचा डोळा आहे. कोठे काय ठेवले आहे याची नोंद असावी आणि ती घरातील दुसऱ्या माणसालाही ठाऊक असावी. वर्षातून एकदा, दिवाळीत वह्यांची पूजा करतो तेव्हा म्हणा, सगळे उघडून पाहावे आणि जुन्या साधनावरून नव्यावर उतरवावे. गावाच्या पातळीवर हेच काम आपल्या संस्थांचे आहे. १८४० साली स्थापन झालेले आपले सार्वजनिक वाचनालय इतकी वर्षे टिकले, ते नुसत्या इमारतीमुळे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी किल्ल्या सांभाळल्या म्हणून.

गोवर्धनच्या विणकर श्रेणी आज नाहीत. तीन हजार कार्षापणांचे व्याज केव्हा बंद झाले, त्याची कोठे नोंद नाही. गौतमीपुत्राने नहपानाचे राज्य घेतले, नाण्यांवर आपला छाप मारला. ज्या भिक्षूंसाठी ती ठेव होती, त्यांचीही वस्ती त्या डोंगरावरून कधीच उठली. मुद्दल गेले, श्रेणी गेल्या, फलकवार गेला. राहिला तो दगडावरचा हिशेब. दगडाने अक्षरे राखली, पण ठेव राखणे दगडाच्या हाती नव्हते. ते श्रेणींच्या हाती होते, आणि श्रेणींबरोबर ते संपले. साधन अक्षरे राखील, ठेव माणसेच राखतील. सनडिस्कच्या तिघांनी कॅलिफोर्नियात जे ओळखले, ते हेच. गंगापूर रोडच्या महाविद्यालयांतून आज शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कोणाला साठवणीच्या धंद्यात शिरायचे असेल, तर त्यांनी चिपा, भांडवल आणि बाजार यांचा अभ्यास जरूर करावा. पण त्याआधी एकदा त्रिरश्मीचा डोंगर चढून दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभे राहावे आणि स्वतःला विचारावे, की लोक आपल्याकडे ठेव ठेवतील, असे आपण आहोत काय?